होस्टिंग घेताना ‘किती जीबी?’ हा प्रश्न शेवटी विचारा

२० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया इथल्या डेटा सेंटरांमध्ये बिघाड झाला आणि स्नॅपचॅट, सिग्नल यांसारख्या सेवा जगभर कित्येक तास अडखळत राहिल्या. महिना उलटायच्या आत, १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रणेत गडबड झाली आणि एक्स, चॅटजीपीटी यांच्यासह असंख्य साइट उघडेनात. या बातम्या वाचून ज्यांची स्वतःची छोटीशी वेबसाइट आहे त्यांना साहजिकच घोर लागला. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर आपल्या क्लासची, दवाखान्याची, दुकानाची साइट ठेवायची तरी कुठे?

उत्तर शोधायला बसलं की समोर येतात जाहिराती. अनलिमिटेड जागा, अनलिमिटेड बँडविड्थ, डोमेन फुकट, आणि महिन्याला चहा-वडापावच्या खर्चात सगळं. मग माणूस दोन-तीन कंपन्यांचे प्लॅन शेजारी ठेवतो, जीबी बघतो, किंमत बघतो आणि स्वस्त असेल ते घेऊन मोकळा होतो.

ही तुलना चुकीच्या टोकापासून सुरू होते, असं माझं ठाम मत आहे. जागा संपली म्हणून साइट बंद पडल्याची उदाहरणं फार कमी. एकाच वेळी किती माणसं येणार आणि त्यातल्या प्रत्येकासाठी सर्व्हरला किती काम करावं लागणार, हा हिशेब कुणी केलेलाच नसतो. साइट झोपते ती तिथे. हा हिशेब कागदावर दहा मिनिटांत होतो आणि त्याला अभियंता असावं लागत नाही.

आधी डोमेन आणि होस्टिंग वेगळं करा

डोमेन म्हणजे साइटचं नाव. ते दरवर्षी पैसे भरून आपल्या नावावर ठेवावं लागतं. होस्टिंग म्हणजे ज्या संगणकावर साइटच्या फायली असतात आणि जो रात्रंदिवस इंटरनेटला जोडलेला असतो, त्या संगणकाचं किंवा त्याच्या एका हिश्श्याचं भाडं. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. अमुक नाव टाईप केलं तर तमुक सर्व्हरकडे जा, हे सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. ॲमेझॉनच्या त्या दिवाळीतल्या बिघाडाचं मूळही त्यांच्या एका सेवेच्या डीएनएसमधल्या चुकीत होतं.

या दोन गोष्टी एकाच कंपनीकडून घेतल्याच पाहिजेत असं नाही. मी तर वेगळ्या ठेवाव्यात असंच सांगेन. होस्टिंगवाल्याशी पटलं नाही तर नाव आपल्या हातात राहतं, डीएनएसमधली नोंद बदलली की साइट दुसरीकडे हलते. डोमेन कुठेही घ्या, ते तुमच्या स्वतःच्या नावावर आणि तुमच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेलं हवं. साइट बनवून देणाऱ्या मुलाने सोयीसाठी स्वतःच्या खात्यावर डोमेन घेतलं, पुढे त्याने नोकरी धरली, फोन उचलेना, आणि दहा वर्षं चालवलेलं नाव नूतनीकरणाअभावी गेलं, हे आपल्याकडे सर्रास घडतं. होस्टिंग चुकीचं निघालं तर बदलता येतं. हातचं गेलेलं नाव परत मिळेलच याची खात्री नाही.

(जाता जाता: २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ हे डोमेनही मिळतं. ‘डॉट इन’ सांभाळणारी निक्सी हीच संस्था तेही सांभाळते. नाव म्हणून ते सुंदर आहे, पण त्यावरचा ईमेल पत्ता अजून सगळीकडे चालत नाही, म्हणून जोडीला एक नेहमीचं डोमेन ठेवावं.)

एक पान दाखवायला सर्व्हरला काय करावं लागतं?

गावच्या उत्सवातली पंगत डोळ्यांसमोर आणा. कोठीत दहा पोती तांदूळ आहे म्हणून हजार माणसं एकदम जेवत नाहीत. एका वेळी किती पानं मांडता येतात, वाढपी किती आहेत आणि एक पंगत उठायला किती वेळ लागतो, यावर सगळं अवलंबून असतं. जाहिरातीतले जीबी म्हणजे ही कोठी. खरी अडचण वाढप्यांची असते.

साइट दोन प्रकारच्या. पहिला प्रकार स्थिर साइटचा. पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात आणि सर्व्हर ती मागणाऱ्याला नुसती देतो. शाळेची माहिती, वकिलांचं ऑफिस, एखाद्या संस्थेची ओळख, एवढंच असेल तर हा प्रकार पुरतो. यात सर्व्हरला डोकं चालवावं लागत नाही, त्यामुळे साधासा सर्व्हरही सेकंदाला शेकडो जणांना सहज पानं देतो.

दुसरा प्रकार प्रत्येक वेळी पान नव्याने तयार करणाऱ्या साइटचा. वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवरची साइट या प्रकारात येते, आणि जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक साइट वर्डप्रेसवर चालतात. वाचकाने लेखावर टिचकी मारली की पीएचपी या भाषेतला प्रोग्राम जागा होतो, डेटाबेसमधून, म्हणजे साइटच्या माहितीच्या साठ्यातून, मजकूर काढतो, मेनू, शीर्षक, शेजारच्या पट्ट्या जोडतो आणि मग पान धाडतो. हे काम करणाऱ्या एकेका प्रक्रियेला पीएचपी वर्कर म्हणतात. तुमच्या प्लॅनमध्ये असे वर्कर किती, हे जाहिरातीत बहुधा लिहिलेलं नसतं. आणि तोच आकडा सगळ्यांत महत्त्वाचा असतो.

हापूसच्या साइटचा हिशेब

समजा देवगडचा एक बागायतदार थेट गिऱ्हाइकाला पेट्या विकतो. वर्षातले नऊ महिने त्याच्या साइटकडे कुणी फिरकत नाही. मार्चमध्ये पहिला माल निघाला की तो जुन्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लिंक टाकतो. पहिल्या दोन मिनिटांत ६०० जण लिंक उघडतात.

दोन मिनिटांत ६०० म्हणजे सेकंदाला ५. आता एक पान तयार व्हायला किती वेळ लागतो ते बघू. साइट हलकी असेल आणि पान अर्ध्या सेकंदात होत असेल, तर कुठल्याही क्षणी ५ गुणिले अर्धा, म्हणजे अडीच, समजा ३ वर्कर गुंतलेले असतील. स्वस्तातलं होस्टिंगही हे निभावून नेतं. पण साइटवर पंचवीस प्लगइन, म्हणजे जादा सोयींचे छोटे प्रोग्राम, चढवलेले असतील, थीम, म्हणजे साइटचा तयार साज, अवजड असेल आणि पानाला ४ सेकंद लागत असतील, तर ५ गुणिले ४, म्हणजे २० वर्कर एकाच वेळी लागतील. प्लॅनची मर्यादा २० असेल तर एकविसावा माणूस दाराबाहेर. शेअर्ड होस्टिंगमध्ये अशा वेळी पांढऱ्या पानावर ५०८ हा आकडा आणि ‘रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ असा संदेश झळकतो. गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळत नाही. तो दुसऱ्याची पेटी मागवतो.

दोन्ही वेळा माणसं तेवढीच आणि प्लॅनही तोच. फरक पानाच्या वजनाचा.

म्हणून सूत्र एवढंच: गर्दीच्या क्षणी सेकंदाला किती पानं मागितली जातील, गुणिले एक पान तयार व्हायला लागणारे सेकंद. येणाऱ्या आकड्याच्या दुप्पट वर्कर मिळतील असं होस्टिंग बघा.

महिन्याचा एकूण आकडा इथे फसवतो. महिन्याला १ लाख पानं पाहिली जातात असं म्हटलं की केवढं मोठं वाटतं. महिन्यात साधारण २६ लाख सेकंद असतात, म्हणजे सरासरी २६ सेकंदांत एक पान. तो भार कुठलंही होस्टिंग झोपेत उचलेल. पण माणसं सरासरीने येत नाहीत. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी १ वाजता काय होतं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने पाहिलंय. १५ लाखांहून अधिक विद्यार्थी, त्यांचे आईबाप, मामा-मावश्या, सगळे एकाच मिनिटाला एकच पान मागतात. म्हणूनच मंडळ निकाल एकाच साइटवर न ठेवता अनेक साइटवर आणि डिजिलॉकरवरही देतं. तुमच्या साइटचा ‘दुपारी १’ कधी येतो, हे ओळखा. क्लासचा तो प्रवेशाच्या दिवशी येतो, दिवाळी अंकवाल्याचा नवरात्रानंतर, बातम्यांच्या साइटचा निवडणूक निकालाला.

मग मोठा प्लॅन घ्यायचा की साइट हलकी करायची?

आधी साइट हलकी करायची. एकदा तयार केलेलं पान साठवून ठेवून पुढच्या मागणाऱ्याला तेच द्यायचं, याला कॅश म्हणतात. ही ताटं आधीच वाढून ठेवलेली असतात. लेख, बातमी, उत्पादनाची माहिती यांना हे उत्तम चालतं, आणि वर्करवरचा बराचसा भार एका झटक्यात उतरतो.

पण कॅश सगळीकडे चालत नाही. गिऱ्हाइकाची टोपली, पत्ता भरण्याचं पान, पैसे भरण्याचं पान, लॉग-इन झाल्यावर दिसणारं पान, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. एकाचं साठवलेलं पान दुसऱ्याला दिलं तर घोटाळाच. त्यामुळे महिन्याला तितकेच वाचक असले तरी दुकानाच्या साइटला बातमीच्या साइटपेक्षा जास्त दमदार होस्टिंग लागतं. ऑनलाइन शिकवणीच्या साइटला त्याहून जास्त, कारण तिथे प्रत्येक जण लॉग-इन करूनच येतो. ‘अमुक इतक्या व्हिजिटरना पुरेल’ असं प्लॅनवर लिहिलेलं असतं तेव्हा हा फरक धरलेलाच नसतो.

फोटोंचंही बघा. मोबाइलने काढलेला एक फोटो ४-५ एमबीचा असतो. असे दहा फोटो पानावर जसेच्या तसे टाकले की पान ४०-५० एमबीचं होतं, आणि खेड्यातल्या नेटवर्कवर ते उघडतच नाही. तेच फोटो वेबपी या हलक्या फाईल-प्रकारात, योग्य आकारात आणले की प्रत्येकी दीडदोनशे केबीत बसतात. होस्टिंग कितीही महाग घेतलं तरी हे काम ते तुमच्यासाठी आपणहून करेलच असं नाही.

‘अनलिमिटेड’ आहे ना, मग काळजी कसली?

अनलिमिटेड फक्त जागा आणि बँडविड्थ असते. बँडविड्थ म्हणजे महिनाभरात सर्व्हरवरून वाचकांकडे किती डेटा गेला ते माप. बाकीच्या मर्यादा वापराच्या अटींत, बारीक अक्षरांत असतात. वर्कर किती, सीपीयूचा, म्हणजे संगणकाच्या मेंदूचा, किती हिस्सा, रॅम किती, आणि फायलींची संख्या. ही शेवटची मर्यादा आयनोड या नावाने लिहिलेली असते आणि ती माणसाला हमखास गाठते. प्रत्येक फाईल, प्रत्येक फोल्डर, खात्यावर आलेला प्रत्येक ईमेल हा एकेक आयनोड. वर्डप्रेस एका फोटोच्या चार-पाच मापांच्या प्रती करून ठेवतं, कॅशच्या हजारो छोट्या फायली होतात, ऑफिसच्या दहा जणांचे वर्षानुवर्षांचे मेल पडून असतात. जागा भरपूर शिल्लक असूनही एके दिवशी नवा फोटो चढत नाही, तो यामुळे.

तेव्हा विकत घेण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारा: वर्कर किंवा एंट्री प्रोसेस किती, रॅम किती, आयनोड किती, बॅकअप कुठे आणि किती दिवसांचा, आणि दुसऱ्या वर्षीची किंमत काय. उत्तर आकड्यांत आलं तर कंपनी बरी. ‘सर, डोन्ट वरी, अनलिमिटेड आहे’ एवढंच आलं तर पुढचं दार ठोठावा.

शेअर्ड, व्हीपीएस, क्लाउड: कुणाला काय?

स्थिर साइटला मुळात सर्व्हर भाड्याने घ्यायची गरजच बहुधा नसते. गिटहब पेजेससारख्या सेवा ती फुकट ठेवू देतात. तिथे साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याला साधारण १०० जीबी बँडविड्थ अशी मर्यादा आहे, जी छोट्या संस्थेला कधी जाणवणारही नाही. दुकान मात्र तिथे चालवता येत नाही, तसा त्यांचा नियमच आहे.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो साइट नांदतात. देखभाल कंपनी करते, पॅनेल सोपं असतं. नवी वर्डप्रेस साइट, स्थानिक धंदा, मध्यम वाचकवर्गाचं लेखन, यांनी इथूनच सुरुवात करावी. बऱ्याच जणांना पुढेही याहून जास्त लागत नाही.

व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या सर्व्हरचे आभासी तुकडे करून त्यातला एक तुकडा तुम्हाला देणं. रॅम, सीपीयू ठरलेले आणि तुमचेच. हवं ते सॉफ्टवेअर बसवता येतं. साइट नोड किंवा पायथनमध्ये लिहिलेली असेल, सतत चालू राहणारी प्रक्रिया लागत असेल, उदाहरणार्थ चॅट किंवा थेट धावफलक, तर शेअर्ड होस्टिंग बहुधा कुचकामी ठरतं आणि व्हीपीएस घ्यावाच लागतो. वर्डप्रेसचं चालतं दुकान वाढत असेल तरीही हाच मार्ग.

पण इथे एक मोठी अट आहे आणि ती मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. स्वस्तातला व्हीपीएस ‘अनमॅनेज्ड’ असतो. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा अपडेट, फायरवॉल, डेटाबेसची निगा, बॅकअप, सगळं तुमच्यावर. असा सर्व्हर इंटरनेटवर आला की थोड्याच वेळात जगभरातले स्वयंचलित प्रोग्राम त्याचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न सुरू करतात. सर्व्हरवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची काळी खिडकी उघडून, आज्ञा टाईप करून काम करणारं माणूस तुमच्याकडे नसेल, तर अनमॅनेज्ड व्हीपीएस घेऊ नका. ‘मॅनेज्ड’ घ्या. तो महाग पडतो, पण रात्री दोनला डेटाबेस बंद पडला तर उठणारं माणूस त्यात धरलेलं असतं.

पूर्ण सर्व्हर एकट्याने घेणं, म्हणजे डेडिकेटेड, हे फार मोठ्या साइटचं काम. आणि क्लाउड म्हणजे असे हजारो सर्व्हर एकत्र बांधून, लागेल तितकं वापरा आणि वापराल तितकं मोजा, अशी व्यवस्था. हापूसवाल्याला मार्च ते मे मोठा सर्व्हर आणि एरवी छोटा, असं इथे करता येतं. फक्त बिलाची मर्यादा आणि इशारा पहिल्याच दिवशी लावून ठेवा. बाहेर जाणाऱ्या डेटाचं वेगळं शुल्क असतं आणि चुकून वाढलेल्या वापराचं बिलही भरावंच लागतं.

परदेशी सर्व्हर जास्त चांगला असतो का?

तुमचे वाचक जिथे, सर्व्हर तिथे. कारण भौतिकशास्त्राचं आहे. काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, जाऊन-येऊन पंचवीस हजार. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत असती तरी एका फेरीला १२५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते, त्यामुळे फेरी २०० मिलिसेकंदांच्या घरात पोचते. आणि पानाचं पहिलं अक्षर यायच्या आधी अशा किमान तीन फेऱ्या होतात: एक जोडणीची, एक सुरक्षित कुलूप लावण्याची, एक प्रत्यक्ष मागणीची. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नुसता प्रवासात गेला, आणि सर्व्हरने कामाला हातही लावलेला नाही. हाच सर्व्हर मुंबईत असेल तर पुण्या-नाशिकच्या वाचकासाठी हा वेळ जवळजवळ नाहीसा होतो.

आज भारतात जागेची वानवा नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच पुण्यात केंद्र सुरू केलं, ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आलं, गुगल २०१७ मध्ये. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, म्हणून ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची दाटी झाली आहे. प्लॅन घेताना ‘डेटा सेंटर लोकेशन’ हा पर्याय असतो, तिथे भारत निवडा. पुष्कळदा तो आपोआप अमेरिकेवर असतो आणि आपण न बघता पुढे जातो.

याचा उलटा अर्थही तितकाच खरा. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाने तिकीटविक्रीची साइट मुंबईत ठेवायचं कारण नाही. आणि वाचक दोन्हीकडे असतील तर सीडीएन वापरावं. यात पानांच्या आणि फोटोंच्या प्रती जगभरच्या केंद्रांत ठेवल्या जातात आणि वाचकाला जवळच्या केंद्रातून मिळतात. नोव्हेंबरमध्ये अडखळलेल्या क्लाउडफ्लेअरचं मुख्य काम हेच.

कायद्याची शंका अनेकांना असते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ‘माहिती भारतातच साठवा’ असं सरसकट म्हणत नाही. ठरावीक देशांत माहिती पाठवायला मनाई करण्याचा अधिकार तो सरकारला देतो, आणि गिऱ्हाइकांची माहिती जपण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकतो. कार्डाचे नंबर तर १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला स्वतःकडे साठवताच येत नाहीत, कार्डाने पैसे घेण्याचं काम पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेकडेच, राहू द्या.

मराठी साइटला वेगळं काही लागतं?

थोडं लागतं, आणि ते विचारून घ्यावं. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, इमोजीला ४. डेटाबेस ‘यूटीएफएट-एमबी-फोर’ या प्रकारात असेल तर दोन्ही नीट बसतात. वर्डप्रेस २०१५ पासून हाच प्रकार वापरतं, पण जुनी साइट हलवताना डेटाबेस चुकीच्या प्रकारात उतरवला गेला की सगळा मराठी मजकूर प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन बसतो. म्हणून साइट हलवल्यावर पहिल्या पानावर समाधान मानू नका. जोडाक्षरं आणि अनुस्वार असलेले दोन-चार जुने लेख उघडून बघा.

लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. वेब-पत्त्यात एक देवनागरी चिन्ह नऊ रोमन चिन्हांत लिहिलं जातं आणि वर्डप्रेसची मर्यादा आहे २०० ची. म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. होस्टिंग बदलून यात फरक पडणार नाही, पत्ता छोटा ठेवणं एवढाच उपाय.

पीएचपीची आवृत्तीही तपासा. ७.४ या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाले, तरी त्यावर चालणाऱ्या साइट अजून सापडतात. वर्डप्रेसच्या ‘टूल्स’मध्ये ‘साइट हेल्थ’ नावाचं पान आहे, तिथे तुमची आवृत्ती दिसते. ८.३ किंवा पुढची देत नसेल तर ते होस्टिंग घेऊ नये.

‘९९.९ टक्के अपटाइम’ आणि बॅकअप

अपटाइम म्हणजे साइट चालू राहण्याचा वेळ. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. ९९ टक्के म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त. आणि हमी मोडली तर बहुतेक कंपन्या भाड्यातला काही भाग परत देतात, तुमच्या बुडालेल्या विक्रीचे पैसे देत नाहीत. छोट्या साइटसाठी मी या आकड्यापायी फार जीव काढणार नाही. बंद पडलेली साइट काही तासांनी सुरू होते. पुसली गेलेली साइट होत नाही.

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या युरोपातल्या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, दुसरीचा काही भाग गेला, लाखो साइट बंद पडल्या. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या अनेकांचं सर्वस्व गेलं. क्लाउड म्हणजे कुठेतरी हवेत असलेली सुरक्षित जागा, हा समज त्या पहाटे पुरता मोडला. ती इमारतच असते आणि इमारत जळू शकते.

म्हणून कंपनीचा बॅकअप असला तरी आपली एक प्रत वेगळ्या कंपनीच्या जागेवर, उदाहरणार्थ स्वतःच्या गुगल ड्राइव्हवर, आठवड्याला जायलाच हवी. दुकान असेल तर रोज. आणि वर्षातून दोनदा ती प्रत एखाद्या चाचणी-जागेवर उतरवून साइट खरंच उभी राहते का ते बघायचं. फाईल आहे पण उघडत नाही, असा बॅकअप संकटात काही कामाचा नाही.

कुलूप आणि टपाल

पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ दिसतं त्यामागे एसएसएल प्रमाणपत्र असतं. वाचक आणि साइट यांच्यातली देवाणघेवाण त्यामुळे कुलूपबंद राहते. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा ते फुकट देते, त्यामुळे साध्या साइटने त्यासाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. मात्र या प्रमाणपत्रांचं आयुष्य कमी होत चाललंय. १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस, असं ठरलं आहे. हाताने नूतनीकरण करायचे दिवस संपले. होस्टिंग ते आपोआप करतं का, हे विचारा.

ईमेलबद्दल माझा सल्ला सरळ आहे: ऑफिसचं टपाल साइटच्या शेअर्ड सर्व्हरवर ठेवू नका. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणी फालतू मेलचा पाऊस पाडला की तुमच्या ऑर्डरची पावतीही गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या नोंदींबाबत नियम कडक केले आहेत. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी त्यांची नावं, आणि त्या डीएनएसमध्ये कराव्या लागतात. टपालाची वेगळी सेवा घेतली की या नोंदी कशा करायच्या ते तिथे पायरीपायरीने सांगितलेलं असतं.

स्वस्त पडतंय की तसं दिसतंय?

मोठ्या अक्षरांतली किंमत बहुतेकदा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरची असते, आणि मुदत संपल्यावरचा दर त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो. वर १८ टक्के जीएसटी. पहिल्यांदा घेताना एकाच वर्षाचं घ्यावं, महाग दिसलं तरी. वर्षभरात तुमची खरी गर्दी कळते, कंपनीची मदत कशी आहे तेही कळतं.

आणि चुकीचं निघालं तर?

हलवायचं. यात घाबरण्यासारखं काही नाही, क्रम तेवढा पाळावा. एक-दोन दिवस आधी डीएनएसमधला टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा, ३०० वर आणा. म्हणजे नवा पत्ता जगभर पसरायला तासन्‌तास न लागता साधारण पाच मिनिटं लागतील. नव्या जागी फायली आणि डेटाबेस उतरवून साइट तात्पुरत्या पत्त्यावर तपासा: मराठी मजकूर, शोध, फॉर्म, पैसे भरणं. दुकान असेल तर कमी गर्दीची रात्र निवडून तासभर ऑर्डर बंद ठेवा, नाहीतर काही ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्ये अडकतील. मग डीएनएसची नोंद बदला. ईमेल जुन्याच जागी असेल तर टपाल कुठे पोचवायचं ते सांगणाऱ्या त्याच्या एमएक्स नोंदींना हात लावू नका, टपाल बंद पडतं ते बहुधा इथल्याच घाईमुळे. सगळं सुरळीत दिसलं तरी जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, महिनाभर चालू राहू द्या. आणि बंद करण्याआधी तिथल्या डेटाबेसची शेवटची प्रत उतरवून घ्या.